विमानं कमी झाली की पायलटचं काय होतं? पोराला सीपीएलला (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला) घालू का?

टेरीटॉवेल

रामराम मंडळी. आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा उरकली आणि आता आमच्या घरात रोज रात्री जेवताना नवी जत्रा भरते. धाकटा बारावी सायन्सला आहे, पुढच्या महिन्यात बोर्डाची परीक्षा. होटगी रोडच्या विमानतळावरून विमान सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ आहे : पायलट व्हायचं. गच्चीवर मोबाईल घेऊन उभा असतो. "पप्पा, हे दहा हजार फुटांवर आहे, गोव्याहून येतंय."

मागच्या रविवारी सात रस्त्याजवळच्या हॉटेलात एक सेमिनार झाला. टायवाले साहेब म्हणाले, देशात पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार पायलट लागणार, आज सीट बुक करा. सगळं मिळून साठ-पासष्ट लाख सांगितले, टाइप रेटिंग वेगळं. टाइप रेटिंग म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, ते नंतर बघू. जी गोष्ट नंतर बघायची असते ती महाग असते एवढं धंद्यात कळलं आहे.

आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं पन्नास टक्के टॅरिफ लागलं आणि सहा माग झाकून ठेवलेत. जुळे सोलापुरात एक प्लॉट आहे. मिसेस म्हणतात प्लॉट विका, पोराचं आयुष्य होईल. मी पेपर वाचतो तर एकीकडे पाचशे विमानांच्या ऑर्डरी, दुसरीकडे अमुक कंपनीची इतकी विमानं जमिनीवर, तमुक कंपनी बंद. माझा सरळ प्रश्न : माग बंद झाला की कामगार दुसऱ्या कारखान्यात जातो. विमान बंद झालं की पायलट कुठं जातो?

बाळीवेस_बॉय

काका, आधी पोराला गच्चीवरून खाली उतरवा, फिजिक्सचा पेपर आहे. विमान उद्यापण येतंय बे.

पाना_नंबर_१३

मी विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर आहे, मूळचा मोहोळचा, सध्या हैदराबादला. तुमच्या मागाच्या हिशोबातच सांगतो. तुमच्याकडे एक कामगार दोन-चार माग बघतो. विमानाचं उलटं असतं. एक एअरबस ए३२० दिवसाला बारा-तेरा तास उडवायचं तर त्याच्यामागे साधारण पाच-सहा जोड्या पायलट लागतात. सुट्टी, ट्रेनिंग, आजारपण, विश्रांतीचे नियम सगळं धरून. म्हणजे एक विमान गेलं की दहा-बारा जणांचं काम गेलं. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला याहून जास्त.

आता विमानं कमी होतात म्हणजे काय, यातच सगळी गोम आहे. तीन-चार वेगळ्या गोष्टी पेपरवाले एकाच मथळ्यात घालतात.

एक, इंजिनच नसतं. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीने सांगितलं की ए३२० निओवर बसणाऱ्या त्यांच्या इंजिनांत काही भागांच्या धातूच्या भुकटीत खोट आहे, इंजिनं उतरवून तपासावी लागतील. २०२४ च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं उभी होती. पण इंडिगोकडे तीनशेच्या वर विमानं होती, म्हणून त्यांनी ते पोटात घेतलं. बाहेरून विमानं भाड्याने आणली, जुन्यांचे करार वाढवले. गो फर्स्टचा ताफा पन्नास-पंचावन्न विमानांचा, त्यातला जवळपास निम्मा इंजिनापायी जमिनीवर. २ मे २०२३ ला ते दिवाळखोरीच्या अर्जासाठी गेले, ३ तारखेपासून उड्डाणं बंद. दुखणं तेच, पण एकाला ताप आला आणि दुसरा गेला.

दोन, मालक विमान परत नेतो. आपल्याकडची बहुतेक विमानं भाडेपट्ट्याची आहेत. भाडं थकलं की परदेशातला मालक नोंदणी रद्द करून घेतो आणि विमान घेऊन जातो. गो फर्स्टच्या वेळी हे कोर्टात वर्षभर अडकलं होतं. नंतर २०२५ मध्ये त्यासाठी कायदाच झाला, आता मालकाचं काम सोपं झालंय. विमान उडून जातं, पायलट इथंच राहतो.

तीन, नवं विमान वेळेवर येतच नाही. अकासा एअरने बोइंगच्या भरवशावर पायलट भरून ठेवले, तिकडे बोइंगचं उत्पादन रखडलं, आणि नवी पोरं ट्रेनिंग करून बसून राहिली. इथं कागदावर ताफा कमी झालेला नाही, तरी काम नाही.

आणि चौथं, विमान दुरुस्तीला किंवा नव्या सीटा बसवायला गेलेलं असतं. एअर इंडियाने सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन बंद केलं त्याचं एक कारण हेच होतं. बोइंग ७८७ विमानं नूतनीकरणाला निघाली, वर पाकिस्तानचं आकाश बंद.

प्रत्येक प्रकारात पायलटची गत वेगळी.

शेंगाचटणी

बापरे. मला वाटायचं विमान एकतर उडतं नाहीतर पडतं.

उजवी_सीट

धागाकर्ते काका, मी तुमच्याच गावचा. विजापूर रोडला घर आहे. आज एका कंपनीत ए३२० वर को-पायलट आहे, पण त्याआधी दुसऱ्या एका कंपनीत होतो, जी माझ्या डोळ्यांसमोर आटत गेली. नाव लिहिणार नाही. उत्तर थोडं लांब आहे.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की नोकरी जाते ती एका दिवशी. तसं होत नाही. आधी रोस्टर जातं. आम्हाला महिन्याचं रोस्टर मोबाईलवर येतं. सुरुवातीला सत्तर-पंचाहत्तर तास उड्डाण असायचं. मग पन्नास. मग फ्लाइटच्या जागी "स्टँडबाय" दिसायला लागलं. घरी युनिफॉर्म इस्त्री करून बसायचं, फोन आला तर जायचं. फोन यायचा नाही. एका महिन्यात माझ्या रोस्टरवर चार फ्लाइट होत्या. बाकी सगळे पांढरे चौकोन.

पगाराची रचना अशी असते की एक ठरावीक रक्कम आणि त्यावर उडलेल्या तासांचे पैसे. म्हणजे नोकरी कागदावर शाबूत असतानाच पगार निम्म्यावर येतो. मग तो निम्मा पगार उशिरा येतो. मग हप्त्यांमध्ये येतो. त्या काळात माझ्या कर्जाचा हप्ता बाबांच्या पेन्शनमधून जायचा. बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त पासबुक भरून आणायचे आणि टेबलावर ठेवायचे.

आता तुमचा मूळ प्रश्न, पायलट कुठं जातो. लायसन्सवर पायलट लिहिलेलं असतं, पण काम मिळतं ते विमानाच्या प्रकारावर. मी ए३२० चालवतो म्हणजे उद्या बोइंग ७३७ वर बसू शकत नाही. त्याचं वेगळं टाइप रेटिंग : पुन्हा क्लास, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा लाखांत खर्च. सेमिनारवाल्याने "नंतर बघू" म्हटलं ते हेच. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. जेटची ७३७ विमानं स्पाइसजेटने घेतली, तर त्याबरोबर ७३७ चे बरेच पायलटही गेले. विमानाच्या मागे माणूस गेला. पण ७७७ आणि ए३३० या मोठ्या विमानांवरचे सीनियर कॅप्टन? त्यांच्या मापाचं विमान देशात मोजक्या ठिकाणी होतं. बरेच परदेशी गेले, काही जण लहान विमानावर परत शिकून आले.

शिवाय हात गंजतात, म्हणजे कायद्याने गंजतात. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. सिम्युलेटरमधल्या ठरावीक चाचण्यांची मुदत संपते. कंपनी चालू असेल तर ती करून देते. कंपनी आटली की स्वतःच्या खिशातून. मी दोन वेळा बेंगळुरूला जाऊन भाड्याच्या सिम्युलेटरमध्ये पैसे घातले, फक्त इंटरव्ह्यूला "करंट" आहे असं सांगता यावं म्हणून. जाताना सोलापूरहून रेल्वेचं जनरलचं तिकीट. पायलट आहे हे शेजारच्या प्रवाशाला सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवला असता.

मला दुसरी नोकरी मिळाली त्यात माझं कर्तृत्व कमी, ए३२० चं जास्त. त्या वेळी दोन मोठ्या कंपन्यांना तेच हवं होतं. माझ्याबरोबरचा, माझ्याहून हुशार, एटीआर या पंख्याच्या लहान विमानावर होता. त्याला दीड वर्ष लागलं.

निवृत्त_मॅनेजर

उजवी_सीट, आपल्या वडिलांचा पासबुकाचा प्रसंग वाचून थांबलो. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, शेवटची काही वर्षं कर्ज विभागात.

टेरीटॉवेल यांना व्यवहाराचं सांगतो. शैक्षणिक कर्जात कोर्स चालू असताना आणि नंतर काही महिने सवलत असते, मग हप्ता सुरू. ही सवलत धरून चालते की मुलगा कोर्स संपला की नोकरीला लागतो. पायलटच्या बाबतीत सीपीएल हातात पडल्यावर पहिली नोकरी लागेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. हप्ता वाट बघत नाही. त्यामुळे साठ लाख हा आकडा चुकीचा आहे. साठ, त्यावर टाइप रेटिंग, त्यावर दोन वर्षांचे हप्ते आणि मुलाचा मुंबई-दिल्लीचा खर्च. हे जमत असेल तरच पुढे.

प्लॉट विकू नका. तारण ठेवा. विकलेला प्लॉट परत येत नाही, आणि जुळे सोलापुरात तर नाहीच नाही.

हवेतला_पंढरपूरकर

मला हा रडका सूर पटत नाही. डिसेंबर २०२५ विसरलात का? नोव्हेंबरपासून ड्युटीचे नवे नियम पूर्ण लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. आणि देशातली सगळ्यात मोठी कंपनी पायलट कमी पडले म्हणून कोसळली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द. मी स्वतः पुण्यात बॅग शोधत दोन दिवस फिरलो. पायलट मिळत नाहीत म्हणून विमानं रद्द होतात आणि तुम्ही म्हणता विमानं नाहीत म्हणून पायलट रिकामे. दोन्हींतलं एक काहीतरी खरं असेल ना?

उजवी_सीट

दोन्ही खरं आहे, दादा. कमतरता आहे ती अनुभवी माणसांची, त्यातही कॅप्टनची. डाव्या सीटवर बसायला साधारण अडीच-तीन हजार तास लागतात, म्हणजे चार-पाच वर्षं. ते तास उडूनच मिळतात. विमानं उभी राहिली की को-पायलटचे तास साचत नाहीत, म्हणून कॅप्टन तयार होत नाहीत. आज विमानं कमी झाली की कॅप्टनची टंचाई पाच वर्षांनी दिसते. आणि दोनशे तासांचं सीपीएल घेऊन दारात उभी असलेली पोरं वेगळीच. त्यांची रांग लांब आहे. कॅप्टन नसेल तर शिकाऊ को-पायलट कुणाच्या शेजारी बसवायचा?

सेमिनारमध्ये "पायलटची टंचाई" म्हणतात ते एका रांगेबद्दल आणि फी घेतात दुसऱ्या रांगेतल्यांकडून.

नियमसुद्धा हेच सांगतो. २०१७ पासून कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. कुणाला धरून ठेवायचं हे त्यांना बरोबर माहीत आहे.

पाना_नंबर_१३

यात एक भर. इंजिनं कमी पडली तेव्हा कंपन्यांनी परदेशातून विमानं आणली, त्यातली काही चालकांसकट. कॉकपिटमध्ये त्यांचेच लोक, केबिनमध्ये आपले. प्रवाशाला फरक कळत नाही, पण त्या विमानामागे इथल्या दहा-बारा जणांना काम मिळत नाही. ताफ्याचा आकडा वाचताना हे वजा करायचं.

अवांतर : उभं विमान कुणी जवळून पाहिलंय का? इंजिनाच्या तोंडाला लाल कव्हर, नळ्यांना लाल फिती, त्यावर "उड्डाणापूर्वी काढा". चाकं ठरावीक दिवसांनी थोडी फिरवावी लागतात, नाहीतर टायर एका बाजूने चपटे होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रॉबरी. हो, आमच्यात त्याला रॉबरीच म्हणतात : उडणाऱ्या विमानाला पार्ट हवा असला की उभ्या विमानातून काढायचा. आज एक पंप, उद्या स्क्रीन. तीन महिन्यांनी ते विमान म्हणजे पाहुण्यांना भांडी वाटून बसलेलं घर. असं विमान पाहिलं की मी समजून जातो, हे लवकर उठत नाही. तुमचा मुलगा पुढे कुठल्या कंपनीत लागला तर त्याला सांगा, रॅम्पवर (विमानं लावायच्या जागी) उभ्या विमानांची तोंडं बघत जा. बॅलन्स शीटच्या आधी तिथं कळतं.

गिरणीकाठ

माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडली तेव्हाही असंच झालं. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगा नुसता सवयीने वाजायचा. आजोबांना एका जातीची यंत्रं डोळे मिटून कळायची. यंत्रमागाच्या कारखान्यात गेले तर मालक म्हणाला, तुम्ही फार मोठ्या मशीनवरचे, आमच्यात नाही जमायचं. ७७७ वाल्या कॅप्टनचं वाचून तेच आठवलं.

दोह्याहून_दिगंबर

आखातातून लिहितोय, मी पायलट नाही, विमानतळावर ऑपरेशन्सला आहे. २०२० मध्ये इथं काय झालं ते पाहिलंय. कोविडमध्ये मोठी विमानं वाळवंटात लावली आणि आखाती कंपन्यांनी पायलटना हातात पत्र दिलं. व्हिसा नोकरीला बांधलेला. पोरांच्या शाळा सोडून लोक परत गेले. दोन वर्षांनी त्याच कंपन्या पुन्हा भरतीच्या जाहिराती देत होत्या.

अमेरिकेत पद्धत वेगळी आहे. तिथं सीनियॉरिटीची यादी पवित्र. विमानं कमी झाली की शेवटी लागलेला आधी घरी, त्याला फर्लो म्हणतात. कॅप्टनला खाली आणून उजव्या सीटवर बसवतात. दिवस पालटले की त्याच क्रमाने परत बोलावतात. स्पिरिट एअरलाइन्स २०२४ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा, आणि तिथं हे सगळं झालं. क्रूर आहे, पण तुमचा नंबर तुम्हाला माहीत असतो. आपल्याकडे "बिनपगारी रजा" देतात आणि ती कधी संपणार ते कुणी सांगत नाही.

शेंगाचटणी

एवढे मोठे बोलून झाल्यावर मी एक घरगुती सांगते. माझ्या पुतण्याचे पैसे भरून झाले, हॉस्टेल घेऊन झालं, आणि मेडिकलमध्ये रंग ओळखण्यात अडकला. बिचाऱ्याला आयुष्यभर माहीत नव्हतं. लाल मिरची हिरवी मिरची ओळखायचा, पण ते ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे दिसेनात. फी परत मिळवायला वर्ष गेलं, तीही अर्धी. भाऊ, एक रुपया भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. चष्मा असला तर चालतं म्हणे, पण आधी विचारा.

उजवी_सीट

शेंगाचटणी ताईंना शंभरपैकी शंभर. आधी क्लास टू, मग क्लास वन मेडिकल. त्यानंतर डीजीसीएचे (सरकारी विमान वाहतूक खात्याचे) पेपर घरी अभ्यास करून द्यायला लावा : नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल. पुस्तकांना आणि फीला लाखाच्या आत खर्च येतो. पोरगं ते पेपर सुटवतंय का, त्यात सहा महिने टिकतंय का, हे बघा. मग उड्डाणाचे पैसे. आणि फ्लाइंग स्कूल निवडताना जाहिरात नाही, विमानं मोजा. तिथंही ताफ्याचाच प्रश्न. शाळेत बारा विमानं लिहिलेली आणि उडणारी चार असतील तर दोनशे तासांना तीन वर्षं लागतात. सकाळी सहाला गेटवर उभं राहून किती उडतात ते बघा. कोणी अडवत नाही.

बाळीवेस_बॉय

अवांतर : आपल्या होटगी रोडला आधी किंगफिशरचं एटीआर यायचं. मग ते गेलं, कंपनीपण गेली २०१२ ला. मग विमानांच्या वाटेतल्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून एवढी वर्षं भांडलो, जून २०२३ ला चिमणी पाडली, आणि २०२५ ला गोव्याचं विमान आलं, नंतर मुंबईचं. बोरामणीचं नवं विमानतळ तर माळढोक पक्ष्याच्या नावावर अजून कागदावर. आता आलेली विमानं लहान कंपन्यांची आहेत, एखादं दुरुस्तीला गेलं की आपली फ्लाइट कॅन्सल. आपल्याला ताफा कमी होणं म्हणजे काय ते सांगायची गरज नाय बे.

हवेतला_पंढरपूरकर

उजवी_सीट, मान्य. रांगेचा मुद्दा लक्षात आला नव्हता. तरी एक विचारतो, आजचं मुलगं २०३० च्या पुढे बाजारात येणार. एअर इंडियाने २०२३ ला ४७० विमानं मागवली, इंडिगोने त्याच वर्षी ५००. तोवर ती येतीलच की.

उजवी_सीट

येतील. मीही त्याच आशेवर आहे, कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला. पण जेटच्या पण ऑर्डरी होत्या, गोच्या पण होत्या. ऑर्डर म्हणजे पेरणी, खळ्यावर आल्याशिवाय पोतं मोजू नये. काका, मुलगा खरंच वेडा असेल तर अडवू नका. मीही परत विचारलं तर हेच करीन. फक्त घर गहाण पडणार नाही इतक्याच पैशात करा आणि त्याच्या हातात दुसरी डिग्री असू द्या. त्या पांढऱ्या चौकोनांच्या महिन्यांत मी एका क्लासमध्ये गणित शिकवायचो, बी.एस्सी. होतं म्हणून.

टेरीटॉवेल

सगळ्यांचे आभार. वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. मिसेस पासबुकापाशी उठून आत गेल्या. पोरगं रॉबरीपाशी हसलं आणि मग बराच वेळ गप्प होतं.

काल संध्याकाळी त्याला घेऊन होटगी रोडला गेलो. विमान उतरलं, माणसं बाहेर आली. मी सवयीने गिऱ्हाईक मोजत होतो. सत्तावीस. म्हटलं, एवढ्यात डिझेल तरी सुटतं का? तो म्हणाला, "पप्पा, डिझेल नसतं त्यात." मग आपणहून म्हणाला, आधी मेडिकल करू. परीक्षेनंतर पुण्याची अपॉइंटमेंट घेतो. बी.एस्सी.चा फॉर्म पण भरणार आहे. सेमिनारवाल्यांचा तिसरा फोन आला होता, सवलत आजच संपते म्हणून. टॉवेलच्या धंद्यात आम्हीपण असंच सांगतो.

उजवी_सीट, तुम्ही सोलापूरला कधी येता? पोराला एकदा तुमच्याशी बोलू द्यावं म्हणतो. घरी या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे.

शेंगाचटणी

माझं नाव कुणी घेतलं?

उजवी_सीट

पुढच्या शनिवारी येतोय, काका. रविवारी दुपारी चालेल. सकाळी नको, रात्रीची ड्युटी करून येणार, झोपलेला असेन. आणि पोराला म्हणावं लॉगबुक (उडलेल्या तासांची वही) बघायला आणतो. त्यातलं एक पान जवळजवळ कोरं आहे, ते आधी दाखवीन.